खानापूरचा पावसाळा, कुत्र्याचं कोरडं खाद्य आणि हवाबंद डबा: सहा महिन्यांनंतर

जूनच्या पहिल्या आठवड्यात रबरी कडा आणि चार कड्या असलेला 15 लिटरचा डबा घेतला, तो नोव्हेंबर संपेपर्यंत रोज वापरला. डबा चांगला आहे. पण तो का घ्यावा लागला, हे आधी सांगतो.

आमचा राजा मुधोळ जातीचा, चार वर्षांचा. गेल्या वर्षी बेळगावातून स्वस्त पडतं म्हणून 20 किलोचं पोतं आणलं. ते पडवीतल्या पिंपात ओतलं आणि रिकामी पिशवी टाकून दिली. घर कौलारू, बाहेर महिनाभर धार लागलेली. जुलैच्या शेवटी पिंपातून कुबट वास येऊ लागला. दाणे दिसायला ठीक होते, फक्त बोटांना थोडे मऊ लागायचे. शेजारचे मामा म्हणाले, "उन्हात टाक की, वास जातोय." ऊन पडलं त्या दिवशी वाळवले आणि परत घातले. याचं मला आजही वाईट वाटतं.

चार दिवसांत राजानं खाणं सोडलं. उलट्या सुरू झाल्या, हिरड्या पिवळट दिसू लागल्या. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे वाढलेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पिशवीवरच्या बॅच नंबरचा. तो माझ्याकडे नव्हता. खाद्य तपासलं गेलं नाही, त्यामुळे कारण हेच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही. सलाइन, औषधं आणि घरचा भात यावर तो तीन आठवड्यांनी उभा राहिला.

त्यानंतर बरंच वाचलं. आपल्याकडे ओल्या राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगांवर पिवळी-हिरवी बुरशी चढते, तिच्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस असते. तिचं विष म्हणजे अफलाटॉक्सिन. ते थेट यकृतावर जातं. बुरशी वाळवून वाढायची थांबते, भाजून मरते, विष मात्र बरंचसं तसंच राहतं. वास गेला म्हणजे विष गेलं, असं नाही. 1974 मध्ये गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं कावीळ होऊन दगावली. त्याच घरांतली कुत्रीही आजारी पडली होती. अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यात किलोमागे 20 मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरतात. एवढंसं विष डोळ्यांना किंवा नाकाला कळणार तरी कसं?

यंदा 3 किलोची पिशवी आणतो. राजाला दिवसाला साधारण 300 ग्रॅम लागतं, म्हणजे दहा दिवसांत संपते. पिशवी न ओतता तिच्यासकट डब्यात ठेवतो. तिला आतून तेलकटपणा टिकवणारा थर असतो आणि बॅच नंबर, तारीख हाताशी राहते. जुलैत घरातला आर्द्रतामापक 90 टक्क्यांच्या आसपास होता, तरी शेवटचा दाणा कुरकुरीत होता. मोठ्या पोत्यापेक्षा किलोमागे जास्त पैसे जातात, ते मी आनंदानं देतो.

डब्याच्या तक्रारी दोन. सप्टेंबरात एक कडी तुटली, आता त्या बाजूला वीट ठेवतो. रबराच्या खाचेत तेल आणि भुकटी साचते. दर पिशवीनंतर रबर काढून धुवावं लागतं आणि पूर्ण कोरडं करावं लागतं. आमच्या हवेत त्याला दीड दिवस जातो, म्हणून माझ्या मते असे दोन डबे हवेत.

आणि मक्यातून, शेंगपेंडीतून कारखान्यातच आलेलं विष कोणताही डबा काढू शकत नाही. म्हणून नवी पिशवी उघडल्यावर पहिले दोन दिवस राजा नेहमीसारखा खातो का, ते मी समोर बसून बघतो. त्यानं तोंड फिरवलं तर पिशवी बाजूला, बॅचचा फोटो मोबाइलमध्ये, आणि त्याच दिवशी डॉक्टर. ऑक्टोबरात एकदा असं झालं. दुकानदारानं पिशवी बदलून दिली.