गिरणाकाठचा लॅबिरिंथ : जावे का, आणि गेल्यास कसे जावे

जळगावहून एरंडोलकडे जाताना बांभोरीचा पूल ओलांडला की पाळधीच्या अलीकडे एक कच्चा रस्ता आत वळतो. त्या रस्त्याच्या टोकाला कपाशीचे एक शेत आहे आणि शेताच्या पडीक कोपऱ्यात, गिरणेच्या पात्रातून आणलेल्या गोट्यांनी आखलेली एक गोल, सात वळशांची वाट आहे. महिन्यातून दोन रविवारी, सकाळी साडेसहा ते दहा या वेळात, तिथे सामूहिक चालणे, ध्यान आणि निसर्गातील वस्तूंपासून रचना करणे असा कार्यक्रम होतो. माणशी साडेतीनशे रुपये घेतात आणि त्यात न्याहारी येते. चालवणारा गट आठ-दहा जणांचा आहे, त्यांनी फलक लावलेला नाही आणि सगळे तोंडी निरोपावर चालते. पुढे त्यांच्याविषयी काही तक्रारीही करायच्या असल्यामुळे नाव लिहीत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांना पाळधीत विचारले तरी पत्ता मिळेल.

आम्हाला तो कृषी केंद्राच्या दुकानदाराकडून मिळाला. ऑगस्टमध्ये माझे थोरले भाऊ गेले. तेव्हापासून वहिनी घराबाहेर पडल्या त्या फक्त बँकेत आणि तलाठी कार्यालयात, म्हणजे सही करायला. भेटायला येणारे लोक त्यांना बोलते करू पाहत आणि त्या पाणी आणण्याच्या निमित्ताने आत निघून जात. मी या कार्यक्रमाचे सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, तिथं काही बोलावं तर लागणार नाही ना?" मी म्हणालो, "नाही वहिनी, नुसतं चालायचं आहे." हे आश्वासन मी त्या दुकानदाराच्या भरवशावर दिले होते. ते किती खरे ठरले ते पुढे येईलच.

लॅबिरिंथ या शब्दाला आपल्याकडे लोक भूलभुलैया म्हणतात, पण तो अर्थ इथे लागू पडत नाही. भूलभुलैयात फाटे असतात, बंद गल्ल्या असतात आणि चुकवणे हाच त्याचा हेतू असतो. लॅबिरिंथमध्ये वाट एकच असते. ती कितीही वळली तरी मध्यापर्यंत नेते आणि त्याच वाटेने परत फिरायचे असते. सात वळशांची ही आकृती फार जुनी आहे आणि क्रीट बेटावरील नोसॉसच्या नाण्यांवरही ती आढळते. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकाच्या सुरुवातीला फरशीत बसवलेला लॅबिरिंथ अकरा वळशांचा असून त्याचा व्यास सुमारे १३ मीटर आहे. कर्नाटकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर बाराव्या शतकातील शिल्पपट्टीत अभिमन्यूचा चक्रव्यूह कोरला आहे, तोही याच जातीचा.

ही माहिती दहा मिनिटांत सांगून होण्यासारखी आहे. संचालकांनी तिला चाळीस मिनिटे लावली. डिसेंबरातील सकाळ, अंगावर शाली, पायाखाली दवाने भिजलेली काळी माती, आणि सव्वीस माणसे उभ्याने अभिमन्यूची कथा ऐकत आहेत. जी कथा त्यांतील प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकलेली होती. शिवाय उदाहरणच चुकीचे होते. अभिमन्यूला आत जाणे ठाऊक होते आणि बाहेर येणे ठाऊक नव्हते; इथे तर आत जायची वाट हीच बाहेर यायची वाट आहे. नुकतेच घरातले माणूस गेलेल्यांपुढे कोवळ्या वयात मारल्या गेलेल्या मुलाची कथा रंगवून सांगण्याचे औचित्य मला शेवटपर्यंत कळले नाही.

त्या व्याख्यानातील एक भाग मात्र सुरेख होता. आकृती कशी काढतात हे त्यांनी जमिनीवर रांगोळीने दाखवले. मध्ये एक फुली, तिच्या चार कोनांत चार काटकोन, आणि त्यांच्या बाहेर चार ठिपके. मग माथ्यापासून सुरू करून एका टोकापासून पुढच्या टोकापर्यंत कमानी जोडत जायच्या. ते तिसऱ्या कमानीवर अडखळले. तेव्हा आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी खाली बसून, त्यांच्या हातची रांगोळी घेऊन, उरलेली आकृती दोन मिनिटांत पुरी केली. ज्यांचे आयुष्य ठिपक्यांच्या रांगोळीत गेले त्यांना त्यात शिकवण्यासारखे काही नव्हते.

प्रत्यक्ष चालणे हा या कार्यक्रमाचा गाभा आहे आणि त्याला मी पूर्ण गुण देतो. वाट सुमारे तीन फूट रुंद आहे, तिच्यावर बारीक मुरूम पसरून दाबलेला आहे आणि दोन्ही कडांना नारळाएवढे गोटे आहेत. अनवाणी चालायचे असते. आत पोहोचायला माझी २३० पावले झाली आणि सावकाश चालत दहा मिनिटे लागली. बाहेरून बघताना हे सगळे पोरखेळासारखे दिसते, पण आत पाऊल टाकल्यावर वाटेची रचना आपले काम करू लागते. बाहेरून वळसे मोजले तर वाट प्रथम तिसऱ्या वळशावर चढते, तिथून दुसऱ्यावर आणि मग पहिल्यावर येते. म्हणजे आत जायला निघालेल्या माणसाला ती सुरुवातीलाच बाहेर ढकलते. मग चौथा वळसा येतो आणि तिथून एकदम सातवा, जो मध्याला अगदी लागून आहे. तिथे चालताना मध्यावरचा दगड हाताच्या अंतरावर असतो, एक पाय उचलून गोटा ओलांडला तर पोहोचता येईल असा. आणि नेमकी तिथूनच वाट फिरते, सहाव्यावर जाते, पाचव्यावर जाते, आणि आता आपण लांब आलो असे वाटत असताना पाचव्यावरून सरळ मध्यात उघडते.

प्रदक्षिणा आपल्या अंगवळणी पडलेली आहे. अजिंठ्याच्या चैत्यगृहांत स्तूपाभोवती खांबांमागून जो मार्ग ठेवला आहे, त्याचा उद्देशही सावकाश चालणे हाच होता. पण प्रदक्षिणेत मध्य नेहमी सारख्याच अंतरावर आणि उजव्या हाताला राहतो, त्यामुळे मनाला काही अपेक्षा करावी लागत नाही. इथे ते अंतर सारखे बदलत राहते आणि त्याचा हिशेब लागत नाही. मला वाटते, चालणाऱ्याचे डोके ज्या गोष्टीत गुंतलेले असते तिथून ते पायांकडे येते, ते यामुळेच.

वहिनी माझ्या पुढे होत्या. सातव्या वळशावर, मध्याच्या दगडाशेजारी, जिथे वाट पुन्हा बाहेर वळते तिथे त्या थांबल्या. मी मागे थांबलो, माझ्या मागे आणखी चौघे थांबले. कोणी काही बोलले नाही. वाट एकच असल्यामुळे परत येणारे लोकही समोरून येत होते आणि ते खांदा तिरका करून त्यांच्या बाजूने निघून जात होते. शेवटी परतणाऱ्या एका म्हाताऱ्या आजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चाल माय, हाई वाट चुकस नही." वहिनी चालू लागल्या. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानाऐवजी त्या आजींना एक वाक्य बोलू दिले असते तरी पुरले असते.

इथेच एक सूचना करायला हवी. तीन फुटांच्या वाटेवर सव्वीस माणसे फार होतात. जाणारे आणि येणारे एकमेकांना सारखे वाट देत राहिले तर चालण्याची लय तुटते. दहा-बारांचे गट केले तर बरे होईल. गुडघेदुखी असलेल्यांसाठी बाहेर दोन खुर्च्या होत्या, त्याही चपला ठेवायला वापरल्या जात होत्या.

ध्यानाच्या भागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वीस मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचे, म्हणजे इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस आनापान करवून घेतात त्याची ही तोंडओळख. मौनाची सूचना देऊन संचालकांनी स्वतःच स्पीकरवर बासरी लावली, आणि ती बासरी कार्यक्रम संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या रचनेच्या वेळीही, वाजत राहिली. नदीकाठी सकाळी टिटवी ओरडते, लांब पंपाचा आवाज येतो, बैलाच्या गळ्यातली घंटा वाजते; एवढे असताना यंत्रातल्या बासरीची गरज कोणाला होती हे मला समजले नाही. डोळे मिटलेल्या लोकांचे फोटो काढणे हा त्याहून मोठा दोष आहे. वहिनींचा फोटो मी पुसायला लावला आणि तो कुरकुर न करता पुसला गेला, हेही नोंदवतो.

निसर्गरचनेकडे मी काहीशा कुचेष्टेने गेलो होतो. पाने-फुले मांडून नक्षी काढणे हे शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासासारखे वाटत होते. नियम एवढाच की झाडावरून काही तोडायचे नाही, जमिनीवर पडलेलेच वापरायचे, चिकटवायचे नाही, आणि झाल्यावर तसेच सोडून जायचे. सोडून जाणे आम्हाला नवे नाही. महिनाभर गाणी म्हणून गुलाबाई बोळवणाऱ्या आणि एका रात्रीच्या जागरणानंतर कानबाई नदीत सोडणाऱ्या मुलुखाला ते वेगळे शिकवावे लागत नाही. साहित्य मात्र विचारपूर्वक जमवलेले होते: केळीची वाळलेली सोपटे, बाभळीच्या शेंगा, पळसाची पाने, कापूस वेचून झालेली रिकामी बोंडे, सुपात सरकी आणि नदीतले शिंपले. लोकांनी सूर्य काढले, मोर काढले, एका मुलाने सोपटांची होडी केली.

वहिनींनी सुपातली मूठभर सरकी घेतली आणि थोडी मोकळी माती हाताने सारखी केली. मग वीतभर अंतर धरून एकेक सरकी ठेवत गेल्या. दोन ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आले की त्या चौफुली लावत आहेत. उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंनी कोळपणी करता यावी म्हणून कपाशी जशी चौकोनात लावतात, तशी. आमच्या भावांची चौफुली गावात प्रसिद्ध होती, बांधावर उभे राहून कुठूनही बघितले तरी ओळ सरळ दिसे. वहिनींनी सहा गुणिले सहा अशी मांडणी पुरी केली, फक्त तिसऱ्या ओळीत एक जागा रिकामी ठेवली. गटातली एक मुलगी फिरत होती, ती वाकून म्हणाली, "काकू, इथे एक राहिलं." वहिनी म्हणाल्या, "राहिलं नाही. नांगी पडली आहे." मुलीला तो शब्द माहीत नव्हता. बी उगवले नाही की ओळीत जी रिकामी जागा राहते ती नांगी. उगवण झाल्यावर आठ-दहा दिवसांत तिथे पुन्हा बी टोचावे लागते. वहिनींनी तिला हे सगळे समजावून सांगितले, किती दिवसांत, किती खोल, आणि उशीर झाला तर मागून लावलेले झाड शेजारच्यांच्या सावलीत कसे खुरटते तेही सांगितले. चार महिन्यांत त्यांना सलग इतके बोलताना मी ऐकले नव्हते. मुलीने विचारले, "मग ही भरायची का?" त्यावर वहिनी म्हणाल्या, "आता वेळ गेली," आणि हात झटकून उठल्या.

इथेच कार्यक्रम संपवायला हवा होता. पण त्यानंतर सर्वांना गोलात बसवून प्रत्येकाला आपला अनुभव एका शब्दात सांगायला लावले. कोणी शांती म्हणाले, कोणी ऊर्जा, कोणी कृतज्ञता. वहिनींवर पाळी आली तेव्हा त्या गप्प राहिल्या. संचालकांनी "मोकळ्या व्हा ताई, अश्रू आले तरी चालतील" असे दोनदा म्हटले. वहिनी म्हणाल्या, "चहा." लोक हसले आणि पाळी पुढे गेली, पण माझे आश्वासन खोटे ठरले ते ठरलेच. ज्याला बोलायचे नाही त्याला न बोलू देणे ही अशा कार्यक्रमाची पहिली अट असायला हवी, आणि ती आधी स्पष्ट सांगायला हवी.

याच गोलात, लॅबिरिंथमधून रोज चालल्याने रक्तदाब आणि नैराश्य बरे होते, असा दावाही करण्यात आला. हे मला धोक्याचे वाटते. चालल्याने मन हलके होते हे मी स्वतः अनुभवले, पण ज्याला झोप येत नाही, जेवण जात नाही, जगणे नको वाटते, अशा माणसाला गोट्यांच्या वाटेवर सोडून देणे पुरेसे नाही. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनवरची सेवा २०२२ पासून चालू आहे, १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मराठीत बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. हा क्रमांक तिथे एखाद्या पाटीवर लिहून लावायला काहीच खर्च नाही. मी सुचवले आहे.

न्याहारीला तुरकाठ्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. तेवढ्यासाठीही साडेतीनशे रुपये जास्त नव्हते. शौचालय शेतमालकाच्या घराजवळ आहे आणि स्वच्छ आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होत असल्यामुळे कार्यक्रम बंद असतो. उन्हाळ्याबद्दल विचारले तेव्हा कळले की जागतिक लॅबिरिंथ दिन मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी असतो आणि त्या दिवशी जगभर लोक आपापल्या वेळेनुसार दुपारी एक वाजता चालतात. मे महिन्यात, दुपारी एक वाजता, जळगाव जिल्ह्यात, अनवाणी! ज्यांनी ही वेळ ठरवली त्यांनी भुसावळचे ऊन पाहिलेले नसावे. इथला गट तो दिवस सकाळी सहालाच उरकणार आहे, हे शहाणपणाचे आहे.

दोन आठवड्यांनी पुढच्या रविवारी मी एकटाच जाणार होतो, पण वहिनी आधीच तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या. या वेळी गट चौदा जणांचा होता आणि अभिमन्यू पंधरा मिनिटांत आटोपला. वहिनींनी मागची चौफुली कुठे होती ती जागा शोधली. सरकी खारींनी नाहीतर पाखरांनी नेली होती, मातीत बोटांनी सारखे केल्याच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. त्यांनी ती जागा बघितली, काही बोलल्या नाहीत. मग लॅबिरिंथच्या तोंडाशी येऊन त्यांनी चपला काढल्या, कडेच्या दगडावर ठेवलेल्या स्पीकरपाशी गेल्या, बटण शोधून तो बंद केला आणि आत चालू लागल्या.