उंदीर, ससा, गिनी पिग, हॅम्स्टर: नसबंदी कोणाची करावी आणि कोणाची टाळावी

आमच्या घरी दोन पांढरे उंदीर आले, तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या मुलाने "काकू, दोन्ही माद्या आहेत, बिनधास्त एकत्र ठेवा" असे छातीठोकपणे सांगितले होते. त्याला मी आजही दोष देत नाही, कारण चार आठवड्यांच्या पिल्लांत नर-मादी ओळखणे नवख्याला अवघडच जाते. पुढे एका सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, फाडलेल्या वर्तमानपत्राच्या ढिगाखाली, शेंगदाण्याच्या शेंगेएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली नऊ पिल्ले वळवळताना दिसली. त्याच संध्याकाळी नराला भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये हलवावे लागले, कारण उंदराची मादी व्याल्यानंतर एका दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते आणि तिचा गर्भकाळ जेमतेम २१ ते २३ दिवसांचा असतो. नसबंदीचा, म्हणजे नराचे वृषण किंवा मादीचे अंडाशय काढून टाकण्याचा, विचार आमच्या घरात असा सुरू झाला.

या निर्णयात एक पर्याय नेहमी हिशेबात धरावा लागतो, तो म्हणजे दुसरा पिंजरा. नर वेगळे आणि माद्या वेगळ्या ठेवल्या की पिल्लांचा प्रश्न शस्त्रक्रियेशिवाय सुटतो. मुंबईच्या वन बीएचकेमध्ये दुसऱ्या पिंजऱ्याला जागा शोधणे कठीण, पण अशक्य नाही. म्हणून केवळ पिल्ले नकोत एवढ्या कारणासाठी छोट्या प्राण्याला भूल द्यावी, असे मला वाटत नाही. शस्त्रक्रियेने त्या प्राण्याचा आजार टळणार आहे का, किंवा एकटेपणा आणि मारामारी टळणार आहे का, हे आधी पाहावे.

भुलीचा धोका किती, याचा अंदाज देणारी एक मोठी पाहणी ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झाली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. भूल किंवा गुंगी दिल्यानंतर ४८ तासांत त्यामुळे दगावलेल्या प्राण्यांचे प्रमाण तीत कुत्र्यांमध्ये सुमारे ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४, सशांमध्ये १.३९, उंदरांमध्ये २.०१, हॅम्स्टरमध्ये ३.६६ आणि गिनी पिगमध्ये ३.८० टक्के आढळले. या आकड्यांत आजारी प्राणीही आले आहेत. निरोगी सशांपुरते पाहिले तर प्रमाण ०.७३ टक्क्यांवर येते. तरीही कुत्र्याच्या नसबंदीचा अनुभव जसाच्या तसा उंदराला लावता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

उंदरांच्या बाबतीत गुंता सर्वांत अधिक आहे, कारण सोपी शस्त्रक्रिया नराची आणि आरोग्याचा मोठा लाभ मात्र मादीला, अशी उलटी स्थिती आहे. नराचे वृषण बाहेरच असल्याने पोट उघडावे लागत नाही आणि भूल थोडा वेळ पुरते. फक्त वृषण पोटात ओढून घेण्याची वाट उंदरात आयुष्यभर उघडी राहते. ती टाके घालून बंद केली नाही, तर आतडे खाली उतरून हर्निया होऊ शकतो. नराची नसबंदी दोन प्रसंगी करण्याजोगी असते. तो माद्यांबरोबर राहणार असेल, हा एक प्रसंग; सहा-आठ महिन्यांचा झाल्यावर अंगावरचे केस फुलवून सोबत्यांना रक्त निघेपर्यंत चावू लागला असेल, हा दुसरा. दोन भाऊ एका झोपाळ्यात गुण्यागोविंदाने झोपत असतील, तर त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

मादीच्या पोटातली शस्त्रक्रिया अधिक खोल आणि अधिक वेळेची असते. पण उंदराच्या मादीच्या दुग्धग्रंथी मानेपासून मांड्यांपर्यंत पसरलेल्या असतात आणि वय वाढले की त्यांत गाठी होण्याचे प्रमाण फार मोठे असते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, तरी त्या वाढत जाऊन मादीला चालणेही जड करतात, आणि एक काढली तरी दुसरीकडे नवी येऊ शकते. प्रयोगशाळेतील स्प्रेग-डॉली जातीच्या माद्यांचे अंडाशय ९० दिवसांच्या वयात काढले, तेव्हा अशा गाठी सुमारे ४ टक्के माद्यांत झाल्या, तर न काढलेल्यांत ४७ टक्के माद्यांत. हा लाभ लहान वयात शस्त्रक्रिया केल्यासच मिळतो. माझे मत असे झाले आहे, की मादीची नसबंदी करायची तर तीन ते सहा महिन्यांच्या वयात करावी. दीड वर्षाच्या, सतत शिंकणाऱ्या मादीला केवळ प्रतिबंध म्हणून टेबलावर घेऊ नये. शिंकण्याचा मुद्दा किरकोळ नाही. पाळीव उंदरांपैकी बहुतेकांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्माचा जंतू असतोच, आणि पावसाळ्यातील दमट हवेत अस्वच्छ पिंजऱ्यातल्या अमोनियाने तो डोके वर काढतो. घरघर ऐकू येत असेल, तर आधी छातीवर उपचार करावेत आणि नसबंदी पुढे ढकलावी.

सशाच्या मादीबाबत मला फारसा संदेह नाही. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे, तर सशाचे आठ-दहा वर्षांचे असते, आणि काही जातींच्या चार वर्षांवरील माद्यांपैकी निम्म्याहून अधिक माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पाच-सहा महिन्यांची झाल्यावर, अनुभवी हातांनी, तिची नसबंदी करून घेणेच शहाणपणाचे ठरते. नर सशाचा प्रश्न मुख्यतः वागणुकीचा असतो. सोफ्यावर मुताचे फवारे उडवणे आणि पायांभोवती गोल फिरत अंगावर चढणे कमी होते, शिवाय नसबंदी झालेल्या मादीशी त्याची जोडी जमते.

गिनी पिगमध्ये मात्र मी नराच्या बाजूने झुकते. एकत्र ठेवायचेच असतील, तर नराची नसबंदी करावी आणि मादीचे पोट उघडणे शक्यतो टाळावे. सहा-सात महिन्यांपर्यंत एकदाही न व्यालेल्या मादीच्या ओटीपोटाच्या हाडांचा सांधा घट्ट होऊ लागतो, आणि त्यानंतरची पहिली खेप तिच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे इथे चुकीचा जोडीदार ही उंदरांपेक्षा कितीतरी गंभीर बाब आहे. मध्यमवयीन मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळू लागले, तर अंडाशयातील गाठींची शंका घेऊन सोनोग्राफी करावी, आणि तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार वेगळ्या कारणासाठी करावा.

हॅम्स्टरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सीरियन हॅम्स्टर वयात आला की एकटाच राहतो, त्यामुळे नसबंदीचे मुख्य कारणच उरत नाही. मादीच्या गर्भाशयात पू झाला तर गोष्ट वेगळी.

आता डॉक्टरांविषयी. मुंबईकराला जनावरांचा दवाखाना म्हटले की आधी परळ आठवते, आणि १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय तिथे असल्याने ते साहजिकही आहे. पण अशा शस्त्रक्रियेसाठी संस्थेच्या नावापेक्षा त्या दिवशी हातात सुरी कोणाच्या असेल, हे महत्त्वाचे ठरते. ज्या शहरात महापालिका रात्रपाळीला मूषक संहारक नेमते, तिथे उंदराच्या ऑपरेशनची वेळ मागितली की फोनवरचा आवाज क्षणभर थांबतो, हे मी अनुभवले आहे. न लाजता विचारावे: या जातीच्या किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्या आहेत, आयसोफ्लुरेन वायूची भूल देता का, एसीच्या थिएटरमध्ये एवढ्याशा जिवाचे शरीर गरम कसे ठेवता, वेदनाशामक घरी देता का. आदल्या रात्रीपासून सशाला किंवा उंदराला उपाशी ठेवा, असे सांगितले गेले, तर तिथून उठावे. उपास घडवतात तो भुलीत उलटी होऊ नये म्हणून; या दोघांना उलटी होतच नाही, आणि सशाचे आतडे उपासाने थंडावले की तेच जिवावर येते.

आम्ही शेवटी नराची नसबंदी केली. पिल्लांच्या आईचे शस्त्रक्रियेचे वय उलटून गेले होते म्हणून तिला तसेच ठेवले, आणि तिच्या दोन मुलींपैकी जी ठणठणीत होती तिची तीन महिन्यांची असताना शस्त्रक्रिया केली. घरी आणल्यावर पिंजऱ्यातल्या शिड्या आणि वरचे मजले काढून टाकले, भुशाऐवजी जुन्या सुती साडीचे तुकडे अंथरले, आणि कोमट पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून एका बाजूला ठेवली, म्हणजे नको असेल तेव्हा तिला दूर सरकता यावे. रात्री दहाच्या सुमारास तिने पुढच्या दोन पायांत वरण-भाताचे एक शीत धरून कुरतडले, तेव्हा कुठे आम्ही जेवायला बसलो. दुसऱ्या रात्री तिने एक टाका कुरतडला आणि टॅक्सी करून पुन्हा दवाखाना गाठावा लागला. त्यांनी आतून टाके घेतलेले असल्याने वरची कड तेवढी जखमेसाठीच्या वैद्यकीय डिंकाने चिकटवून दिली. नराला मात्र पुढचे चार आठवडे त्याच भाजीच्या क्रेटमध्ये काढावे लागले, कारण वृषण काढल्यानंतरही नळ्यांत उरलेल्या बीजावर तो काही आठवडे बाप होऊ शकतो. नर सशाला आणि गिनी पिगला तर सहा आठवडे वेगळे ठेवलेले बरे.