12 खळग्यांचं नॉनस्टिक अप्पेपात्र : चीज घालून अप्पे करणाऱ्यांसाठी

सरळच सांगते, इडलीच्या उरलेल्या पिठाचे साधे अप्पे करायचे म्हणून हे घेत असाल तर राहू द्या, त्याला आईकडचं बिडाचं पात्रच भारी, तसा कुरकुरीतपणा याच्यात येत नाही म्हणजे नाही. पण भाज्या आणि चीज घालून संध्याकाळी झटपट काही करायचं असेल तर घ्याच. बिडाला चीज एकदा चिकटलं की मग बसा खरवडत.

मी नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) घेतलं, साडेसातशेला, काचेच्या झाकणासकट. ब्रँड सांगून फायदा नाही, दुकानात तीन-चार कंपन्यांचे जवळपास सारखेच होते आणि दुकानवाले भाऊच म्हणे, "ताई, स्टिकर नका पाहू, बूड पाहा." बरोबर बोलले. बूड पातळ असलं की मधले खळगे ज्योतीच्या बरोब्बर वर येतात आणि करपतात, बाहेरचे मात्र कच्चे. माझं मध्यम जाड आहे तरी हा त्रास थोडा आहेच, म्हणून पीठ आधी बाहेरच्या खळग्यांत घालायचं, मधले तीन सगळ्यात शेवटी, आणि काढताना मधले आधी. एवढं सांभाळलं तर 12 च्या 12 एकसारखे निघतात.

आता मेन गोष्ट, चीज. एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, लागेल तसं पाणी, हे 15 मिनिटं झाकून ठेवा, रवा पाणी पिऊन फुगते. तोवर गाजर किसा, शिमला मिरची, पत्ताकोबी, कांदा एकदम बारीक चिरा, मक्याचे दाणे वाफवून घ्या, सांभार (म्हणजे कोथिंबीर) तर हवाच. मीठ सगळ्यात शेवटी आणि हात आखडून, एक तर भाज्यांना पाणी सुटून पीठ पातळ होते आणि दुसरं म्हणजे चीज आधीच खारट असते. अर्धा चमचा इनो पात्र तापल्यावरच घाला, आधी घालून ठेवला तर फुगा तिथेच बसला समजा.

चीज किसून पिठात मिसळू नका बाप्पा, बऱ्याच रेसिपींमध्ये तेच सांगतात, पण ते बाहेर येऊन करपते. अमूलचा 25 ग्रॅमचा क्यूब येते ना, त्याचे आठ तुकडे करा, म्हणजे दीड क्यूबमध्ये अख्खं पात्र भरते. खळग्यात अर्धं पीठ, त्यावर चीजचा तुकडा, वरून पुन्हा पीठ, चीज पात्राला लागायलाच नको. झाकण ठेवून मंद गॅसवर तीन-चार मिनिटं, मग उलटवून झाकणाशिवाय दोन मिनिटं. मोझरेला घातलं तर तार मस्त निघते, फोटोला छान, पण थंड झालं की चिवट लागते, म्हणून डब्यात द्यायचं असेल तर प्रोसेस्ड चीजच बरं. आणि स्वस्तातलं पाकीट घेताना मागचे घटक वाचा, वनस्पती तेल दिसलं की ते दुधाचं चीज नव्हेच.

तेल किती लागते? प्रत्येक खळग्याला दोन-तीन थेंब. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री असताना तेलाच्या कढईपुढे उभं राहून पकोडे तळायचे का हे, तुम्हीच ठरवा.

पण घरात गर्दी असली की हे पात्र कमी पडते. तान्हा पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, लेकरं लाकडी बैल घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागायला दारात आली होती, पैशासोबत एकेक गरम अप्पा हातावर ठेवू म्हटलं, तर एक घाणा निघेपर्यंत आठ मिनिटं जातात आणि पोट्टे पुढच्या घरी पळून राहिले होते. चार माणसांचा नाश्ता आरामात होते, त्याच्या वर नको. आमच्या सासूबाईंना चीज पटलंच नाही, त्यांच्यासाठी आत मिरचीचा ठेचा भरते, आणि खरं सांगू का, तो चीजवाल्यापेक्षा भारी लागते.

सोबत आलेली लाकडी काडी फेकून द्या, भाजीवाले अप्पे तिच्याने उलटताना फाटतात, सिलिकॉनचा छोटा चमचा घ्या. स्टीलचा अजिबात नको. रिकामं पात्र मोठ्या गॅसवर तापत ठेवू नका, हे कोटिंग साधारण 260 डिग्रीच्या वर गेलं की खराब व्हायला लागते. दांड्याचा स्क्रू ढिला होते, तो अधूनमधून आवळा. आणि घरी इंडक्शन असेल तर फ्रीजवरचं एखादं मॅग्नेट पर्समध्ये टाकून दुकानात जा, बुडाला चिकटलं तरच पैसे द्या, माझ्यावालं फक्त गॅसवरच चालते.