एनपीटेल: फुकटात आयआयटीचे सर

केमिकल इंजिनिअरिंगवाल्यांनो, थर्मो (थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता-ऊर्जेचं शास्त्र) डोक्यावरून जात असेल तर एनपीटेलवर (आयआयटीसारख्या संस्थांच्या प्राध्यापकांची लेक्चर ऑनलाइन देणारा उपक्रम) एम. एस. अनंत सरांची सिरीज लावा, एकदम भारी आहे. रेकॉर्डिंग जुनं आहे, एडिटिंग-बिडिटिंग काही नाही, इंग्रजी मात्र सरळसोट, आणि फ्युगॅसिटीसारखी (खऱ्या वायूचा जणू 'परिणामकारक दाब') जी भानगड आपल्याकडे सगळे परीक्षेपुरती रट्टा मारतात ती कुठून आली हे कळलं की निम्मं टेन्शन जातं. (१.५ स्पीडवर नका बघू, समीकरणं निसटतात.)

हे सर १९७२ पासून आयआयटी मद्रासला शिकवायचे, मग २००१ ते २०११ तिथले डायरेक्टर, आणि २००३ मध्ये सात आयआयटी आणि बेंगलोरच्या आयआयएससीने (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) मिळून एनपीटेल सुरू केलं त्यात त्यांचा मोठा वाटा. खुर्चीवर बसून नुसत्या फायलींवर सह्या करणारे बरेच असतात, यांनी वर्गच गावोगाव पोचवला राव!

लेक्चर फुकट, सर्टिफिकेट हवं तर चालू सेमिस्टरच्या यादीतला कोर्स घ्यायचा, फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची, २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. असाइनमेंट शेवटच्या रात्री कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी लांबच राहा. माझ्याकडून साडेचार स्टार.