कुत्र्याच्या घरात मांजर येणार असेल, तर आधी दारात फाटक बसवा

लहान मुलं जिन्याकडे जाऊ नयेत म्हणून दारात बसवतात ते सळ्यांचं बेबी गेट आम्ही कुत्रा आणि मांजरीसाठी घेतलं. कॉलेज रोडवरच्या लहान मुलांच्या सामानाच्या दुकानातून, साडेतीन हजारांच्या आत. पाचपैकी चार तारे देते. एक का कापला तेही पुढे येईल, पण ज्याच्या घरी आधीपासून कुत्रा आहे आणि मांजर येणार आहे त्याने बाकी काही घेण्याआधी हे घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आमचा बंड्या सहा वर्षांचा गावठी कुत्रा. माझ्या माहेरी, मखमलाबादच्या द्राक्षबागेत जन्मलेला. जे पळेल त्याच्यामागे पळायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. चिंगी माझ्या मावशीची. मावशी जुन्या नाशकातला वाडा सोडून मुलाकडे ठाण्याला गेली, तिथे मांजर चालणार नव्हतं. "हिला कुठं सोडवत नाही गं, तूच ने," म्हणाली. चिंगी तेव्हा चार वर्षांची होती, कौलांवर वाढलेली, कुत्र्याला फक्त वरून पाहिलेली. हे मुद्दाम सांगते, कारण मांजराचं पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना कुत्र्याच्या सहवासात आलं तर त्याला कुत्र्याची सवय सहज होते. मोठ्या मांजराला तेच सगळं सावकाश शिकावं लागतं.

विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच, असं सगळ्यांनी ऐकवलं. आणि सल्ला एकच: "सोडा समोरासमोर. एकदा नाकावर पंजा बसला की कुत्रा शहाणा होतो." कृपा करून हे करू नका. पंजा नाकाऐवजी डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते. आणि कुत्र्याने मांजर एकदा तोंडात धरून झटकलं की संपलं, त्यासाठी तो रागावलेला असावाच लागतो असं नाही. शिवाय पहिल्याच भेटीत मांजर जीव घेऊन पळालं, तर कुत्र्याला पाठलागाची गोडी लागते. ती मोडायला फार वेळ जातो.

म्हणून सुरुवातीला मागची खोली चिंगीची आणि दार बंद. डॉक्टरांकडून तपासणी, जंताचं औषध, राहिलेल्या लसी हे उरकून घेतलं. तिच्या गालावरून फिरवलेलं फडकं बंड्याच्या अंथरुणाशी ठेवायचं, त्याच्या अंगाखालचं पोतं तिच्या खोलीत. मांजराच्या गालाशी वासाच्या ग्रंथी असतात, म्हणून फडकं गालावरूनच फिरवायचं. बंड्या ते फडकं हुंगून निवांत झोपायला लागला, तेव्हा दार उघडलं आणि चौकटीत फाटक आलं.

फाटकाचं खरं काम इथून सुरू होतं. बंद दाराआडून दोघांना एकमेकांचा वास येतो, पण दुसरा काय करतोय ते दिसत नाही. फाटकातून दिसतं, आणि पोचता मात्र येत नाही. बंड्याची थाळी आम्ही स्वयंपाकघराच्या टोकाला ठेवली, चिंगीची वाटी खोलीच्या आतल्या भिंतीशी. दोघंही मान खाली घालून नीट जेवले तर दुसऱ्या दिवशी दोन्ही भांडी वीतभर जवळ. कुणी जेवण सोडून टक लावून बघितलं, की पुन्हा मागे.

या काळात सगळ्यात बारीक नजर माझ्या सासूबाईंची. त्या समोरच खुर्ची टाकून भाजी निवडत बसायच्या. त्यांनी एक गोष्ट हेरली, ती कुणाच्याही उपयोगाची आहे. बंड्या भुंकला तर त्या घाबरायच्या नाहीत. तो गप्प झाला, तोंड मिटलं, शेपूट ताठ आणि अंग जागच्या जागी थिजलं, की त्या मला हाक मारायच्या. "अगं, ह्यानं तोंड मिटलंय, ये." मी आले की त्याचं नाव घ्यायचं, आणि त्याने चिंगीवरची नजर काढून माझ्याकडे वळवली त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा. ओरडायचं नाही, पट्टा खेचायचा नाही. पुढे पुढे तो चिंगीकडे एकदा बघून आपणहून माझ्याकडे मान वळवायला लागला. फाटक नसतं तर हा धडा देणं आम्हाला जमलंच नसतं, कारण आमचा एक हात त्याला आवरण्यातच गेला असता.

आता वस्तूविषयी. भिंतीला भोक पाडावं लागत नाही. चारही कोपऱ्यांना रबरी टोप्यांचे स्क्रू असतात, ते चौकटीवर दाबून आवळायचे. खोक्यातून काढल्यावर कडी आणि तिचा खाचा यांच्यात बोटभर फट दिसते. आमच्या ह्यांनी ते परत न्यायला गाडीची किल्लीसुद्धा उचलली होती. पण ती फट मुद्दामच ठेवलेली असते. स्क्रू आवळत गेलं की चौकट आत दाबली जाते आणि कडी बरोबर बसते. बंड्यासारखा वीस किलोचा कुत्रा अंगावर आला तरी आमचं फाटक हललं नाही, पण स्क्रू ढिले होत जातात, ते अधूनमधून आवळावे लागतात. मोठा लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर दाबावरचं नको, स्क्रूने भिंतीत पक्कं बसणारं घ्या.

तारा कापला तो खालच्या आडव्या पट्टीसाठी. फाटक उघडं असतानाही ती उंबऱ्यावर राहते आणि पायात येते. सासूबाई एकदा अडखळल्या, सुदैवाने हाताला भिंत होती. तेव्हापासून पट्टीला लाल चिकटपट्टी लावली आहे. घरात वयस्कर माणूस असेल तर याचा आधी विचार करा.

सळ्यांमध्ये दोन इंचांच्या आसपास फट आहे. पिल्लू त्यातून सहज पलीकडे जाईल. मोठं मांजर नाही जाणार, पण बंड्या नाक घालायचा आणि ते नाक चिंगीच्या पंजाच्या टप्प्यात यायचं. सिडकोतल्या हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकची बारीक चौकोनी जाळी आणून खालच्या अर्ध्या भागाला झिप टायने बांधली. शंभर-सव्वाशे रुपयांचं काम, पण फार मोलाचं.

फाटक अडीच फूट उंच आहे, चिंगी ते उडी मारून ओलांडते. हा दोष नाही, हाच फायदा. मांजराला सुटायची वाट हवी, आणि ती कुत्र्याला न जमणारी हवी. आतल्या बाजूला आम्ही माहेरून आणलेले द्राक्षांचे कॅरेट पालथे रचून, एकमेकांना बांधून कपाटापर्यंत पायऱ्या केल्या. चिंगीला पाय ठेवायला उंच जागा मिळाल्यावर तिचं फिसकारणं कितीतरी कमी झालं. दुकानातला मांजरांचा मनोरा यासाठी घ्यायलाच हवा असं नाही.

प्लगमध्ये लावायचं वासाचं औषधही मिळतं, मांजराच्या गालातून स्रवणाऱ्या द्रव्याची नक्कल. बाटली साधारण महिनाभर जाते. आम्हाला त्याने फरक जाणवला नाही. पैसे मोजकेच असतील तर ते फाटकावर घाला.

एक गोष्ट फाटकाची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पावसाळ्यात गोचीड झाले की कुत्र्याच्या मानेवर थेंब टाकतात. त्यातल्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला जीवघेणं ठरू शकतं. कुत्र्याला लावल्यावर मांजर त्याच्या अंगाला घासलं किंवा त्याला चाटलं तरी धोका असतो. डॉक्टरांना "घरात मांजर आहे" हे आधी सांगून मगच औषध घ्या.

आता दोघं दिवाणखान्यात एकत्र असतात, आमच्यापैकी कुणीतरी घरात असताना. फाटक मात्र काढलेलं नाही आणि काढणारही नाही. चिंगीची वाटी आणि मातीचा ट्रे त्याच्या आत आहेत. बंड्याला दोन्हींवर ताव मारायचा असतो. तिने त्याच्या थाळीवर जगावं हेही चालत नाही, कारण मांजराला अन्नातून टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मिळावंच लागतं आणि कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही.

घ्यायला जाण्याआधी चौकटीची आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तिन्हीकडे मोजा. आमच्या चौकटीत वर-खाली दीड सेंटीमीटरचा फरक निघाला. साधं फाटक 75 ते 82 सेंटीमीटरला बसतं, त्याहून रुंद दार असेल तर जोडपट्टी वेगळी मागावी लागते, आणि ती दुकानात नेहमी असतेच असं नाही. फोन करून विचारून मग जा.