सीएमएलची पहिली गोळी: इमॅटिनिब, डॅसॅटिनिब की निलोटिनिब?

सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग. त्याचं निदान झालं की डॉक्टर बहुतेकदा या तीन नावांपैकी एक सुचवतात. 'नवीन म्हणजे जास्त चांगली' असं धरून घरातले लोक महागड्या गोळीकडे वळतात. तिथे जरा थांबायला हवं.

तिघींचं लक्ष्य एकच आहे. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात, हे जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या सांध्यावर बीसीआर आणि एबीएल ही जनुकं जुळून बीसीआर-एबीएल हे एकच जोडप्रथिन बनतं. एबीएलचं प्रथिन एरवी गरजेपुरतं चालू होऊन बंद होतं. बीसीआरचा तुकडा चिकटला की या प्रथिनांच्या जोड्या जमतात, ती एकमेकांना चालू ठेवतात आणि रक्तपेशीला 'वाढत राहा' हा निरोप थांबतच नाही. प्रथिन जिथून एटीपीची (पेशीतल्या इंधन-रेणूची) ऊर्जा घेतं, त्या खाचेत गोळी बसते आणि निरोप तुटतो.

इमॅटिनिबनंतर आलेल्या डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही खाच जास्त घट्ट धरतात, त्यामुळे बीसीआर-एबीएलचं प्रमाण लवकर उतरतं. पण जगण्याचं काय? डॅसॅटिनिबच्या तुलनात्मक चाचणीत पाच वर्षांनी तिच्या गटातले ९१ टक्के रुग्ण हयात होते, इमॅटिनिबच्या गटातले ९० टक्के. म्हणून माझ्या मते निवड वेगावरून करू नये, रुग्णाच्या बाकीच्या दुखण्यांवरून करावी.

मधुमेह, हृदयविकार किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर निलोटिनिब टाळलेली बरी. ती साखर आणि कोलेस्टेरॉल वाढवते, रक्तवाहिन्या अरुंद करू शकते. शिवाय दिवसातून दोनदा उपाशीपोटी घ्यावी लागते. नोकरी-प्रवासात हे सांभाळणं कठीण जातं. फुप्फुसं आधीच कमजोर असतील तर डॅसॅटिनिब नको, कारण छातीत पाणी साठू शकतं, कधीकधी काही वर्षांनंतरही. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांमुळे ती नीट शोषलीही जात नाही. इमॅटिनिबने पापण्या सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं. जेवणासोबत मोठा पेलाभर पाणी पिऊन घेतली की मळमळ कमी होते.

इमॅटिनिब स्वस्तही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिवेकचं (इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचं) पेटंट नाकारलं, आणि भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. वर्षानुवर्षं घ्यायच्या औषधात ही बाब किरकोळ नाही.

आजाराची जोखीम जास्त असेल, किंवा रुग्ण तरुण असून पुढे कधीतरी औषध थांबवायची आशा असेल, तर मात्र नव्या गोळीचा विचार नक्की करावा. मूल हवं असलेल्या स्त्रीने तर हे पहिल्याच भेटीत सांगावं. गरोदरपणात या तिन्ही टाळाव्या लागतात.

कुठलीही निवडा, रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजणारी पीसीआर तपासणी चुकवू नका. तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल १० टक्के किंवा त्याहून कमी हवं, वर्षाने ०.१ टक्के किंवा त्याहून कमी. तसं नसेल तर आधी चुकलेल्या गोळ्या मोजा, मग म्युटेशनची, म्हणजे बीसीआर-एबीएलच्या जनुकात झालेल्या बदलाची, तपासणी करून घ्या. टी३१५आय नावाचं म्युटेशन निघालं तर या तिघींपैकी एकही उपयोगी नाही. तेव्हा पोनॅटिनिब किंवा अ‍ॅसिमिनिब या दुसऱ्या औषधांबद्दल विचारा.