ड्युअल-बँड फिल्टर: पुण्याच्या गच्चीवरून डंबेल आणि रिंग

शहरातून डंबेल आणि रिंगसारख्या प्लॅनेटरी नेब्युलांचे, म्हणजे मरत्या ताऱ्यांभोवतीच्या वायूच्या ढगांचे, फोटो काढायचे असतील तर पैसे आधी फिल्टरवर घाला, मोठ्या दुर्बिणीवर नंतर. सात नॅनोमीटरचा ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) गेल्या पावसाळ्यानंतर घेतला आणि तेव्हापासून हे मत पक्कं होत गेलंय. दुर्बीण सहा इंची न्यूटोनियन (आरशाची), नाभीय अंतर ७५० मिमी. मागे कूलिंगवाला रंगीत कॅमेरा. गच्चीसमोरच एलईडी दिव्यांचा रस्ता.

मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू मोजक्याच वर्णरेषांत, म्हणजे ठरावीक रंगांत, चमकतो. त्यातल्या ठळक म्हणजे ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची आणि हायड्रोजनची ६५६.३ ची. एलईडीचा उजेड मात्र सगळ्या वर्णपटावर पसरलेला. फिल्टर या दोन रेषांपुरत्या फटी उघड्या ठेवतो, बाकी सगळं अडवतो.

डंबेलवर, म्हणजे एम २७ वर, याचा परिणाम बघण्यासारखा आहे. तीन मिनिटांच्या एकाच फ्रेममध्ये मधला निळसर-हिरवा भाग स्पष्ट उमटतो. तीन-चार तासांच्या फ्रेम्स स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एकत्र केल्या, की दोन्ही टोकांची लाल किनार वर येते (तिच्यात नायट्रोजनची ६५८.४ ची रेषाही असते, ती त्याच फटीतून येते) आणि मग बाजूचे फिकट पंख. ते पहिल्यांदा स्क्रीनवर दिसले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं!

रिंगचं, म्हणजे एम ५७ चं, गणित वेगळं. माझ्या सेटअपवर ती जेमतेम ८०-९० पिक्सेलची येते. तिथे लांब नाभीय अंतर आणि स्थिर हवाच लागते. शिवाय मधल्या श्वेतबटूचा (ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचा) प्रकाश अखंड वर्णपटाचा, त्यामुळे फिल्टर त्यालाही कापतो. ताऱ्यांसाठी मी फिल्टर काढून छोटे एक्स्पोजर वेगळे घेतो आणि नंतर जोडतो. चंद्र मोठा असताना हायड्रोजनचा भाग तग धरतो, ऑक्सिजनचा फिका पडतो. दीर्घिकांसाठी हा फिल्टर घेऊच नका.

खरी अडचण ऋतूची. डंबेलचा जंबुक आणि रिंगचं स्वरमंडळ हे तारकासमूह ऐन रात्री डोक्यावर येतात ते जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्या ढगांत. हाती उरतात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी आणि एप्रिल-मेच्या पहाटे. येत्या ऑक्टोबरात मात्र कुंभेतल्या हेलिक्स नेब्युलावर डोळा आहे. लंडनहून तो क्षितिजावर जेमतेम १८ अंश चढतो, पुण्यातून चांगला ५० अंश.